पहिली तपासणी नवऱ्याची

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. गौराई बसते, निंबाला झोके बांधले जातात आणि लग्नाला दोन-तीन वर्षे झालेल्या मुलीला आई, मावशी, शेजारीण अशा सगळ्याच जणी विचारतात, ‘‘काही गोड बातमी?’’ जावयाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. पुढची सगळी वाट इथेच ठरून जाते. ती नवस बोलते, कोणाच्या तरी सांगण्यावरून भगताकडे जाते, मग तालुक्याच्या दवाखान्यात तिची सोनोग्राफी होते, गोळ्या आणि इंजेक्शने सुरू होतात, कधी ‘पिशवी साफ करून घ्या’ म्हणून क्युरेटिंगही होते. यात वर्ष-दोन वर्षे जातात, उसनवारी होते. मग एखादे डॉक्टर विचारतात, ‘‘मिस्टरांचा रिपोर्ट कुठे आहे?’’ आणि तो काढलेलाच नसतो.

वैद्यकशास्त्राचा क्रम याच्या उलट आहे. दिवस राहत नसतील तर दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करायची आणि त्यातही पहिली तपासणी नवऱ्याची करायची. ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी आहे, तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने आढळते. तरीही बाईच्या शरीरावर वर्षभर उपचार चालतात आणि पुरुषाची साधी तपासणी होत नाही. असे होते तेव्हा पैसा जातो आणि त्याबरोबर तिचे वयही जाते. पैसा पुन्हा मिळवता येतो, वय नाही.

किती दिवस वाट पाहायची

दोघेही तरुण आणि निरोगी असले तरी एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तास टिकते, तर शुक्रजंतू तिच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. त्यामुळे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढाच काळ कामाचा. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर बीज साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटते. पाळीच्या दहाव्या दिवसापासून अठराव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवले तर हा काळ चुकत नाही. नवरा सुरतेला किंवा पुण्याला कामाला आणि बायको गावी असेल, तर त्यांच्या लग्नाची वर्षे मोजून उपयोग नाही. या दिवसांत ते किती महिने एकत्र होते, ते मोजायला हवे.

वर्षभर नियमित संबंध ठेवल्यावर शंभरातल्या ८० ते ८५ जोडप्यांना दिवस जातात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना १२ महिन्यांनंतरही दिवस न राहिल्यास त्याला वंध्यत्व म्हणते. संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी याला सामोरे जावे लागते. इतक्या लोकांना होणारा त्रास हा शाप असू शकत नाही. तो आजार आहे आणि आजारासारखाच तपासला पाहिजे.

बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच डॉक्टरांकडे जावे, चाळिशी ओलांडली असेल तर लगेच. पाळी अनियमित असेल, पूर्वी क्षय झाला असेल, पोटाचे मोठे ऑपरेशन झाले असेल, नवऱ्याची वृषणे लहानपणी खाली उतरलेली नसतील किंवा वयात आल्यावर त्याला गालगुंड होऊन वृषण सुजले असतील, तर वर्षभर थांबू नये. उलट, एकविशीतल्या मुलीला लग्नानंतर पाचव्या महिन्यात दवाखाने दाखवण्याची काहीच गरज नाही. तिच्या हातात वेळ आहे.

एका डबीतली तपासणी

वीर्यतपासणीसाठी दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा असतो. तो शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून आणायचा असेल तर तासाभराच्या आत, उन्हापासून आणि गारठ्यापासून जपून, अंगाच्या उबेत आणावा. चोपडा-रावेरच्या आडगावातून मे महिन्याच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत ठेवून आणलेल्या नमुन्याचा रिपोर्ट खरा येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत किमान मर्यादा दिल्या आहेत : वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, त्यांतले निदान ४२ टक्के हलणारे, ३० टक्के पुढे सरकणारे आणि योग्य आकाराचे ४ टक्के. ‘फक्त चार टक्के नॉर्मल’ असे वाचून अनेक पुरुषांच्या पायाखालची जमीन सरकते. प्रत्यक्षात चार टक्के पुरेसे असतात. शिवाय आकडा या मर्यादेखाली आला म्हणजे मूल होणारच नाही असेही नाही, शक्यता कमी होते एवढेच. एका रिपोर्टवर कधीच निकाल लावू नये. कमी आला तर दुसरी तपासणी करायचीच.

नवा शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला अडीच ते तीन महिने लागतात. आज दिसणारा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचा असतो. पावसाळ्यात मोठा ताप येऊन गेला असेल तर दिवाळीपर्यंत संख्या कमी दिसू शकते. तंबाखू आज सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. औषध सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी करायला सांगणाऱ्याला म्हणूनच कारण विचारावे.

लैंगिक ताकद आणि शुक्रजंतूंची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संबंध उत्तम असलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू शून्य असू शकतात. ‘माझ्यात काही कमी नाही’ हे वाक्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खरे किंवा खोटे ठरत नाही आणि रिपोर्ट कमी आला म्हणून कोणाचे पुरुषपण कमी होत नाही.

ऊन, तंबाखू आणि फवारणी

वृषणे शरीराबाहेर असतात, कारण शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ शहरात उन्हात काम करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळ्याच्या तुलनेत उन्हाळ्यात त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या घटलेली होती. उन्हाने पुरुष वंध्य होतो असा याचा अर्थ नाही, पण ज्याची संख्या आधीच काठावर आहे त्याने उष्णता टाळलेली बरी. भट्टीजवळ किंवा वेल्डिंगचे काम करणाऱ्यांनी, दिवसभर ट्रक चालवणाऱ्यांनी अधूनमधून उठावे, सैल सुती कपडे वापरावेत. वृषणाभोवतीच्या शिरा फुगण्याचा व्हेरिकोसील हा दोषही तिथली उष्णता वाढवतो. मूल न होणाऱ्या पुरुषांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांमध्ये तो सापडतो आणि गरज असेल तर शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो.

तंबाखू आणि दारूने शुक्रजंतू कमी होतात, बिघडतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो तोंडातून गेलेला नाही. आणखी एक कारण तरुण पोरांमध्ये वाढते आहे. जिममध्ये अंग भरावे म्हणून घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने. बाहेरून हार्मोन मिळाले की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो आणि शुक्रजंतू शून्यापर्यंत उतरू शकतात. डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नये. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांची संख्या काही महिन्यांत परत येते.

खानदेशातल्या केळीच्या पट्ट्याने एक इतिहास माहीत करून घेतलाच पाहिजे. सूत्रकृमी मारण्यासाठी डीबीसीपी नावाचे औषध पूर्वी जगभर वापरले जाई, ‘नेमागॉन’ हे त्याचे एक व्यापारी नाव. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावच्या कारखान्यात ते बनवणाऱ्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आले की, आपल्यापैकी अनेकांना मूलच होत नाही. १९७७ मध्ये त्यांची वीर्यतपासणी झाली, तेव्हा कित्येकांचे शुक्रजंतू फार कमी किंवा शून्य निघाले. या औषधाने प्राण्यांची वृषणे आक्रसतात हे १९६१ मध्येच छापून आले होते. तरीही १९७७ पर्यंत ते कोस्टा रिका, होंडुरास, निकाराग्वा, इक्वेडोर, फिलिपिन्स इथल्या केळीच्या मळ्यांत पोचले होते. पुढे तिथल्या हजारो मजुरांनी नुकसानभरपाईसाठी दावे लावले. भारतातही या औषधावर आता बंदी आहे. पण धडा कायम आहे. पिकावर मारलेले औषध माणसाच्या बीजापर्यंत पोचू शकते आणि माणूस आजारी न पडताही पोचू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा जीव गेला, तेव्हा हातमोजे आणि मास्कची चर्चा झाली. मूल हवे असलेल्या शेतकऱ्याने आणि मजुराने ती चर्चा रोजच्या सवयीत आणावी. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडावर मास्क, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, काम संपताच अंघोळ आणि ते कपडे वेगळे धुणे, एवढे तरी हवेच. ते कपडे बायकोच धुणार असेल तर हातमोजे तिलाही हवेत.

तिच्या तपासण्या

तिच्या बाबतीत तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. बीज सुटते का? नळ्या मोकळ्या आहेत का? गर्भपिशवीचे अस्तर गर्भ धरण्याजोगे आहे का? पाळी नियमित असेल तर बीज बहुधा सुटतच असते. पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल तर पीसीओएस, थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांची तपासणी होते. पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरल्यावरही अनेकींची पाळी मार्गावर येते. बीज तयार करण्यासाठी आज लेट्रोझोल ही पहिल्या पसंतीची गोळी आहे. नळ्या मोकळ्या आहेत का हे एचएसजी नावाच्या एक्स-रेने कळते. वाढत्या वयाबरोबर बीजांचा साठा आणि प्रत दोन्ही उतरतात, पस्तिशीनंतर अधिक वेगाने.

वंध्यत्वावरचा उपचार म्हणून ‘पिशवी साफ करणे’ याला आज आधार नाही. वारंवार क्युरेटिंग केल्याने आतले अस्तर खरवडले जाऊन चिकटू शकते आणि मग उपचारच अडथळा होतो. कोणी सुचवले तर कशासाठी, हे विचारावे. तपासणीसाठी अस्तराचा तुकडा घेणे वेगळे, त्याला कारण असते.

नळ्यांचा क्षय

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि क्षय फक्त फुप्फुसात होत नाही. लहानपणी किंवा तरुणपणी शरीरात शिरलेले जंतू रक्तातून गर्भनलिकांमध्ये जाऊन बसतात. खोकला नसतो, ताप नसतो. पाळीत रक्तस्राव कमी होत जातो, ओटीपोट मंद दुखते, किंवा काहीच होत नाही. वर्षानुवर्षे नळ्या आतून जाड होऊन बंद होतात आणि तपासणी होते तेव्हा ‘ट्यूब ब्लॉक’ एवढेच कळते. ही ट्यूब का ब्लॉक झाली, हा प्रश्न आपल्या भागात प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.

निदान अस्तराच्या तुकड्याची तपासणी, जीन एक्स्पर्टसारखी जंतूंची चाचणी आणि लॅप्रोस्कोपी मिळून होते. रक्तातली अँटिबॉडी पाहून क्षय ठरवणाऱ्या चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली आहे, त्यामुळे तसल्या रिपोर्टवर औषध सुरू करू नये. खरा क्षय निघाला तर सहा महिन्यांची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. लवकर सापडला तर नळ्या वाचण्याची आशा असते. नळ्या गेल्या पण अस्तर चांगले असेल तर टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग उरतो. अस्तरच गेले तर तोही कठीण होतो. म्हणून इथे उशीर परवडत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतल्या आणि साक्रीतल्या आदिवासी कुटुंबांनी क्षयाखेरीज एक रक्ततपासणीही करावी, ती सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाने शुक्रजंतू कमी होऊ शकतात, म्हणून मूल हवे असताना डॉक्टरांशी बोलावे. औषध आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

पायरीपायरीने

बहुतेकांना टेस्ट ट्यूब बेबी लागतच नाही. योग्य दिवस साधणे, थायरॉइड किंवा पीसीओएसची गोळी, व्यसन सोडणे यांनीच अनेकांना दिवस जातात. पुढची पायरी आययूआय, म्हणजे निवडलेले शुक्रजंतू नळीने गर्भपिशवीत सोडणे. त्याला निदान एक नळी मोकळी हवी. एका वेळी यश साधारण १० ते १५ टक्के येते आणि तीन ते सहा वेळांपलीकडे तेच करत राहण्यात अर्थ नसतो. त्यापुढे आयव्हीएफ, म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करणे. शुक्रजंतू फारच कमी असतील तर एकेक शुक्रजंतू बीजात सोडण्याचे इक्सी हे तंत्र वापरतात. ते १९९२ मध्ये ब्रुसेल्समध्ये यशस्वी झाले.

जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने ‘दुर्गा’ जन्मली, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा जन्मली. मुखोपाध्याय यांची टिपणे पाहून ‘भारतातले पहिले यश त्यांचेच’ असे पुढे आनंद कुमार यांनीच जाहीर केले. हर्षा २०१६ मध्ये स्वतः आई झाली. टेस्ट ट्यूबची मुलगी इतर मुलींसारखीच असते का, या शंकेला याहून चांगले उत्तर नाही.

यशाबद्दल मात्र खरे बोलले पाहिजे. पस्तिशीच्या आतल्या स्त्रीला एका आयव्हीएफ खेपेत बाळ घरी येण्याची शक्यता साधारण ३० ते ४० टक्के असते, चाळिशीनंतर ती १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी होते. एका खेपेचा खर्च लाख-दीड लाखापासून अडीच लाखांपर्यंत जातो. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केले. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथेही अशी सोय व्हावी, ही मागणी खानदेशच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. केळीवर आणि कपाशीवर जगणाऱ्या माणसाने मुलासाठी शेत गहाण टाकावे, हे बरोबर नाही.

कायदा काय सांगतो

सहायक जननतंत्रज्ञानाचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार आययूआय किंवा आयव्हीएफ करणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी हवी. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. दात्याचे बीज किंवा शुक्रजंतू वापरायचे तर लेखी संमती लागते. त्यातून झालेले मूल कायद्याने त्या जोडप्याचेच असते. केंद्रात गेल्यावर नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे आणि एकूण खर्च औषधांसह लिहून घ्यावा. यशाचा आकडा ‘दिवस राहिले’ याचा आहे की ‘बाळ घरी आले’ याचा, तेही विचारावे. पदराला खार लावणारी जोड इंजेक्शने आणि जोड उपचार सुचवले तर त्यांचा फायदा सिद्ध झाला आहे का, हे विचारावे. अनेकांचा झालेला नाही.

उपचाराच्या नावाखाली मुलगाच निवडून घेणे हा गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. या जिल्ह्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीच लागेल.

मूल होत नाही म्हणून दुसरी बायको करणेही गुन्हाच आहे. हिंदू विवाह कायद्यात वंध्यत्व हे घटस्फोटाचे कारण नाही. या कायद्याप्रमाणे पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न अवैध ठरते आणि त्यासाठी शिक्षा आहे. मुलावरून छळ होत असेल तर तक्रारीचा हक्क तिला आहे.

दत्तक

महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांना मूल नव्हते. दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला, तो जोतीरावांनी मानला नाही. त्यांनी एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले आणि तो डॉक्टर झाला. आज दत्तकाची नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते, आदेश जिल्हाधिकारी देतात. लग्नाला दोन वर्षे झालेली हवीत आणि दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी. वाट अनेकदा तीन वर्षांहून जास्त पाहावी लागते, म्हणून उपचार चालू असतानाही नोंदणी करून ठेवता येते. दत्तक हा पराभव नाही. उपचार कुठे थांबवायचे हे दोघांनी मिळून ठरवावे आणि मुलाशिवाय राहायचे ठरवले तर त्या घरालाही पूर्ण घर मानावे.

ज्या घरात मूल होत नसल्याचा प्रश्न आहे तिथल्या माणसांनी एक फाइल करावी. दोघांचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत आणि डॉक्टर बदलला तरी ती फाइल बदलू नये. तिने रोज फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आतापासूनच घ्यावी. सासूबाईंनी सुनेला ‘काही गोड बातमी?’ विचारायच्या आधी मुलाला विचारावे, ‘तुझा रिपोर्ट काढलास का?’ आणि नवऱ्याने, कोणी विचारायची वाट न पाहता, येत्या आठवड्यात स्वतःहून प्रयोगशाळेत जावे. त्या एका तपासणीने बायकोची दोन वर्षे वाचू शकतात.